उदरातील संथ ठोका



गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही देवळाच्या ओसरीवर उभे होतो. माणसे छत्र्या उघडून घराकडे निघाली होती. एवढ्यात आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण जोडपे जवळ आले. मागोमाग सासूबाई होत्या. तरुणाच्या हाती पावसापासून जपलेली कागदांची पिशवी होती. त्याच्या पत्नीला पाचवा महिना सरत आला होता. तिची ही पहिलीच खेप.

"फादर, बाळाचे काळीज फार सावकाश चालते असे डॉक्टर म्हणतात," तरुण म्हणाला. "मिनिटाला साठच ठोके. आणि औषध म्हणून काहीच देत नाहीत. नुसते दर आठवड्याला तपासायला या म्हणतात."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ग्रहणाच्या दिवशी हिने विळीवर भाजी चिरली. मी तेव्हाच बजावले होते." ती बिचारी मुलगी पायाच्या अंगठ्याने ओसरीची फरशी उकरीत खाली पाहत राहिली.

तिच्या थोरल्या जावेला मागे दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या. तेव्हा तिला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली गेली आणि तिचे बाळ वाचले. तेच इंजेक्शन हिला का मिळू नये, असे घरच्यांचे म्हणणे होते. आम्हांलाही ते पटले. आम्ही त्यांना दुसऱ्या शहरातील एका रुग्णालयाचे नाव सांगितले आणि तेथे जाऊन ते इंजेक्शन मागा, असा सल्ला दिला. सल्ला देताना आमची भावना चांगली होती. ज्ञान मात्र मुळीच नव्हते. ही कबुली आम्ही आरंभीच देतो, कारण आजचा हा लेख त्या चुकीतूनच जन्मला आहे.

त्याच सायंकाळी आम्ही आमच्या परिचयाच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दूरध्वनी केला. सारे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "फादर, त्या डॉक्टरांनी औषध दिले नाही ते निष्काळजीपणाने नव्हे, विचार करून दिले नाही. तुम्ही त्यांना उगाच दुसऱ्या दारी धाडत आहात." मग त्यांनी आम्हांला जे समजावले आणि पुढे आम्ही स्वतः जे वाचले, ते आपल्यापुढे साध्या शब्दांत ठेवीत आहो. हा विकार विरळा आहे. पंधरा ते वीस हजार जन्मांत एखाद्या बाळाला तो होतो. परंतु ज्या घरात तो येतो त्या घराला हजारांचा हिशेब काय कामाचा?

प्रथम, हे घडते तरी काय? आमच्या देवळाच्या मनोऱ्यातील घंटा आपण सारे रोज ऐकता. खाली दोर ओढणारा असतो, वर घंटा असते, आणि दोहोंना जोडणारा दोर असतो. हृदयाची रचनाही काहीशी अशीच आहे. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसे केंद्र असते. ठोक्याचा इशारा तेथून निघतो. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे ह्यांच्या सांध्यावर दुसरी एक गाठ असते. तिच्यातून तो इशारा खालच्या कप्प्यांस पोहोचतो आणि ते आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. ही मधली गाठ निकामी झाली, म्हणजे दोरच तुटला. ओढणारा आपले काम नेमाने करीतच असतो, पण घंटेला त्याचा पत्ता नसतो. तरी ती अगदीच मुकी होत नाही. खालचे कप्पे आपल्या परीने, आपल्या मंद गतीने ठोके देत राहतात. उदरातील निरोगी बाळाचे हृदय मिनिटाला सुमारे ११० ते १६० वेळा धडधडते; दोर तुटलेल्या बाळाचे बहुधा ५० ते ७० वेळाच. ह्या विकाराला डॉक्टर जन्मजात हार्ट ब्लॉक म्हणतात. वयस्क माणसाच्या हृदयातील रक्तवाहिन्या तुंबतात त्यालाही लोक 'ब्लॉक' म्हणतात. त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही.

दोर एकाएकी तुटतोच असे नाही. कधी तो नुसता सैल पडतो आणि इशारा उशिरा पोहोचतो. ही पहिली पायरी. कधी काही इशारे पोहोचतात, काही वाटेतच हरवतात, ही दुसरी. एकही इशारा पोहोचेनासा झाला की ती तिसरी, म्हणजे पूर्ण ब्लॉक. ह्या तीन पायऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण औषधाचा सारा प्रश्न त्यांच्याशीच निगडित आहे.

आता, दोर तुटतो कशाने? काही बाळांच्या हृदयाची घडणच मुळात सदोष असते आणि ब्लॉक त्या दोषाचा भाग असतो. परंतु ज्या बाळाचे हृदय एरवी सुघटित आहे, त्याच्या बाबतीत कारण बहुधा मातेच्या रक्तात सापडते. आपल्या रक्तात रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे असतात. गरोदरपणात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरू लागतात. ही निसर्गाची मोठी कृपा होय, कारण नवजात बालकाला पहिले काही महिने आईच्या ह्याच शिदोरीचा आधार असतो. पण काही स्त्रियांच्या रक्तात अँटी-रो आणि अँटी-ला नावाची अशी प्रतिपिंडे असतात की ती परक्याला सोडून आपल्याच शरीराच्या घटकांवर उठतात. वारेला त्यांतील भेद कळत नाही. चांगल्यांच्या सोबत तीही बाळाकडे जातात आणि एखाद्या बाळाच्या हृदयातील त्या नाजूक गाठीत दाह उत्पन्न करतात. दाह शमतो, पण मागे व्रण राहतो, आणि व्रणातून इशारा जात नाही. बहुधा हे अठराव्या ते चोविसाव्या आठवड्यांच्या दरम्यान घडते.

अशा मातांपैकी काहींना ल्यूपस नावाचा विकार असतो; काहींना श्योग्रेनचा, ज्यात डोळे व तोंड कोरडे पडते. परंतु कित्येक जणींना काहीच त्रास नसतो. बाळाचा ठोका संथ आढळल्यावर आईचे रक्त तपासतात, आणि आपल्या रक्तात असे काही आहे हे तिला आयुष्यात प्रथमच कळते. आमच्या ह्या मुलीचे असेच झाले. तिच्या डोळ्यांत दोन वर्षे वाळू गेल्यासारखे खुपत असे. घरच्यांनी तो चुलीचा धूर मानला होता.

ह्या ज्ञानाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. एकाच घरातील मुलांना हा विकार झाल्याचे उरुग्वे देशातील बालरोगतज्ज्ञ लुईस मोर्किओ ह्यांनी १९०१ साली नोंदले होते. परंतु मातेच्या ल्यूपसशी त्याचा संबंध उमगावयास १९७७ साल उजाडले, आणि अँटी-रो प्रतिपिंडांचे नाते १९८३ साली पुढे आले. १९९४ पासून न्यूयॉर्क येथे डॉ. जिल ब्यूऑन ह्यांच्या पुढाकाराने अशा माता व मुलांची नोंदवही ठेवली जात आहे. विकार विरळा असल्याने कोणाही एका डॉक्टरला थोडेच रुग्ण दिसतात. म्हणून अशी नोंदवही अमोल ठरते.

कारण कळले, तेव्हा उपायाची आशाही उपजली. दाह शमविणारे औषध म्हणजे स्टेरॉइड. मग ते आईला देऊन बाळापर्यंत का पोहोचवू नये? प्रेडनिसोलोन हे नेहमीचे स्टेरॉइड वारेतच बहुतांशी निष्प्रभ होते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन ही दोन मात्र वार ओलांडून बाळाकडे जातात. म्हणून आईला रोज ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही आठवडेच्या आठवडे, देण्याचा प्रघात पडला.

येथे त्या जावेच्या इंजेक्शनाचा उलगडा करणे अवश्य आहे. अकाली प्रसूतीचे भय असता बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून ह्याच औषधांच्या मोजक्या मात्रा देतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी ह्या डॉक्टरांनी १९७२ साली ह्याचा लाभ दाखवून दिला. आपल्या देशात त्यासाठी डेक्सामेथासोनच्या ६ मिलिग्रॅमच्या चार मात्रा बारा-बारा तासांनी देण्याची रीत आहे. तिने असंख्य बालके वाचविली आहेत. परंतु तो दोन दिवसांचा उपचार वेगळा, त्याचा हेतू वेगळा. आणि हृदयाच्या गाठीसाठी आठवडेच्या आठवडे चालणारा उपचार वेगळा. औषधाचे नाव एक म्हणून काम एक नव्हे. एकाच कोयत्याने गवतही कापतात आणि नारळही सोलतात. पण कोठे किती जोर लावावा हे हाताला ठाऊक असावे लागते.

तर मग ह्या दीर्घ उपचाराने लाभ होतो की नाही? २००४ साली कॅनडातील टोरंटो येथील डॉक्टरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. डेक्सामेथासोन मिळालेल्या बाळांपैकी शेकडा नव्वदच्या आसपास वर्षभर जगली. न मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी. हे वाचून कोणाला हर्ष होणार नाही? परंतु औषध मिळालेली बाळे बहुधा अलीकडच्या वर्षांतील होती, त्यांची देखरेखही अधिक चांगली झाली होती आणि संख्याही थोडी होती. तेव्हा श्रेय औषधाचे किती आणि देखरेखीचे किती, हे निश्चित होईना.

२००९ साली अमेरिकेतील 'प्राइड' ह्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३० मातांना डेक्सामेथासोन दिले होते, १० मातांना दिले नव्हते. पूर्ण ब्लॉक झालेल्या एकाही बाळाचा तुटलेला दोर औषधाने जुळला नाही. दुसऱ्या पायरीवरील सहा बाळांपैकी दोघांचा ठोका पूर्ववत झाला, तिघे होते तेथेच राहिले, एकाचा ब्लॉक पूर्ण झाला. आणि सुधारलेल्या दोघांपैकी एकाचा दोष जन्मानंतर परतला. पहिल्या पायरीवरील दोघे सुधारले. अकाली जन्म आणि कमी वाढ मात्र औषध मिळालेल्या गटातच दिसून आली. पुढे २०११ साली अनेक देशांतील १७५ बाळांची माहिती एकत्र पाहिली गेली. तीतही स्टेरॉइडचा ठळक लाभ आढळला नाही. विसाव्या आठवड्यापूर्वीच ब्लॉक होणे, ठोका ५० किंवा त्याहून कमी असणे, बाळाच्या अंगात पाणी साठणे आणि हृदयाच्या स्नायूची शक्ती घटणे, ही खरी भयाची लक्षणे ठरली. २०१५ साली फ्रान्सच्या नोंदवहीनेही तीच साक्ष दिली.

औषधाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने मातेची साखर आणि रक्तदाब चढतो, झोप उडते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. अंगात दबून असलेला क्षय डोके वर काढू शकतो. बाळाची वाढ खुंटू शकते, गर्भजल घटू शकते, आणि त्याच्या वाढत्या मेंदूविषयीही डॉक्टरांच्या मनात चिंता आहे. म्हणून अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली असे मार्गदर्शन केले की पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर हे औषध देण्याचा विचार करावा. परंतु पूर्ण ब्लॉक झाला असून हृदयात अन्यत्र दाह नसेल, तर देऊ नये. हे मार्गदर्शन म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. बाळाची अवस्था पाहून तज्ज्ञ निराळा निर्णयही घेतात.

आता आमच्या त्या जोडप्याकडे वळू. त्यांच्या बाळाचा ब्लॉक पूर्ण होता. ठोका साठ होता, हृदयाचा स्नायू बळकट होता, अंगात पाणी नव्हते. डॉक्टरांनी औषध दिले नाही आणि दर आठवड्याला बोलावले, ह्याचा अर्थ आता वाचकांस कळेल. आपण गावची माणसे चिठ्ठीवर औषधांची नावे किती ह्यावरून डॉक्टरची पारख करतो. रित्या हाताने परतलो की आपली हेळसांड झाली असे वाटते. परंतु जे औषध बाळाला तारणार नाही आणि आईला मात्र पीडा देईल ते न देणे, आणि त्याऐवजी जागरूकपणे पहारा करणे, हाही उपचारच होय. ठोका ५५ च्या खाली गेला किंवा बाळाच्या अंगात पाणी दिसू लागले तर काय करावयाचे, हे त्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते. आम्ही तो कागद वाचलाच नव्हता.

दोष कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तरही येथेच देतो. ग्रहणाचा नव्हे, विळीचा नव्हे, पपईचा नव्हे, शेतातील कष्टांचाही नव्हे. मातेने काही केले म्हणून हे झाले नाही. आणि न करून ते टळलेही नसते. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे. दोघांचेही नव्हे, असे प्रभूने सांगितले. दोन हजार वर्षे हा प्रसंग ऐकूनही आपल्या घरांतून तोच प्रश्न सुनेला विचारला जावा, ह्याची आम्हांला लाज वाटते. आणि 'असले मूल कशाला ठेवता' असे सुचविणाऱ्या शेजाऱ्यांस एवढेच सांगतो: ह्या विकाराची दहांतील सुमारे आठ बाळे जगतात. त्यांतील बहुतेकांना पुढेमागे पेसमेकर नावाचे छोटे यंत्र बसवावे लागते. आणि ते बसविलेली मुले इतरांसारखी शाळेत जातात, मोठी होतात, संसार करतात.

ज्यांना पूर्वी असे बाळ झाले आहे किंवा ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आढळली आहेत, त्या भगिनींसाठी आता चार गोष्टी.

पहिली गोष्ट, उगाच भिऊ नये. अँटी-रो असलेल्या शंभर मातांपैकी सुमारे एक-दोघींच्याच बाळाला हा ब्लॉक होतो. परंतु आधीच्या बाळाला तो झाला असेल तर पुढील खेपेस शंभरांत सुमारे सोळा ते अठरा असे प्रमाण असते. म्हणून पुन्हा दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना सारे सांगावे. त्या वेळी लाजून गप्प बसू नये.

दुसरी गोष्ट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाची गोळी. मूळची ही हिवतापाच्या औषधांच्या कुळातील. ल्यूपसच्या रुग्णांना ती वर्षानुवर्षे दिली जाते. आधीचे बाळ ह्या विकाराचे होते अशा ५४ मातांना दहावा आठवडा उलटण्यापूर्वीच रोज ४०० मिलिग्रॅम सुरू केली असता केवळ चौघींच्या बाळांना ब्लॉक झाला, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे शेकडा अठराच्या जागी शेकडा सात-साडेसात. हे आशादायक खरे. पण गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावी, शेजारणीच्या डब्यातून नव्हे.

तिसरी गोष्ट, वेळेवर तपासणी. सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, म्हणजे इको, वरचेवर करावी लागते. ती सर्वत्र होत नाही. मोठ्या शहरी जावे लागते, मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. परंतु सैल पडलेला दोर काही तासांत तुटू शकतो, आणि औषधाला वाव असलाच तर तो तुटण्यापूर्वीच असतो. अमेरिकेत काही माता लहानशा यंत्राने घरच्या घरी दिवसातून दोन-तीनदा बाळाचा ठोका ऐकतात आणि तो अनियमित वाटताच रुग्णालय गाठतात. शिकवणुकीवाचून असे यंत्र विकत घेऊन स्वतःची समजूत घालणे मात्र धोक्याचे.

चौथी गोष्ट, स्टेरॉइड सुरू झालेच तर ते मनाने बंद करू नये. फार दिवस घेतलेले हे औषध हळूहळू उतरवावे लागते. एकाएकी सोडल्यास जिवावर बेतू शकते. ते का देता, किती दिवस देणार, उपयोग झाला की नाही हे केव्हा ठरविणार, असे तीन प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे अवश्य विचारावेत. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

आता शेवट. ती मुलगी दर आठवड्याला तपासणीस जात राहिली. धर्मग्रामातील काही कुटुंबांनी आळीपाळीने गाडीभाड्याचा भार उचलला. सदतिसाव्या आठवड्यात शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रियेने प्रसूती झाली आणि मुलगी झाली. तिचा ठोका अजूनही संथच आहे; साठाच्या आसपास. पेसमेकर आजवर लागलेला नाही, पुढे लागेल असे डॉक्टर सांगतात. ती दूध पिते, बाळसे धरते आणि भर मिस्सेत आमच्या प्रवचनापेक्षा मोठ्याने रडते. मागील महिन्यात तपासणीच्या दिवशी तिला पदराखाली घेऊन एस. टी. च्या थांब्यावर उभ्या असलेल्या सासूबाई आम्ही पाहिल्या. सुनेचे डोळे दुखत होते म्हणून तिला सावलीत बसवून त्या स्वतः उन्हात उभ्या होत्या. ग्रहणाचे नाव त्यांनी काढले नाही, आणि आम्हीही काढले नाही.

आमच्या पदरी मात्र एक धडा पडला. कोणी दुखणे घेऊन आमच्या ओसरीवर आला, तर दुसऱ्या रुग्णालयाचे नाव सांगण्यापूर्वी आम्ही आता विचारतो, "पहिल्या डॉक्टरांनी दिलेला कागद आणला आहे काय? चला, आधी तो बसून नीट वाचू."